फळा आणि पाणी

१

वहीतलं एक पान कापलेलं आहे हे मासोळीला सकाळी आठ वाजता कळलं, आणि सव्वाआठला ती वही छातीशी धरून बंदर कचेरीच्या पायऱ्या चढत होती.

भरतीमास्तर नुकतेच फळा लिहून हात झटकत होते. गेली एकतीस वर्षं त्यांची सकाळ अशीच उजाडत होती. कपाटातून भरती-ओहोटीचं छापील पुस्तक काढायचं, आतली स्टीलची पट्टी कालच्या ओळीवरून एक ओळ खाली सरकवायची, त्या ओळीच्या कडेला पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा, आणि बाहेर येऊन फळ्यावर खडूने वेळा लिहायच्या. बंदर बंद असेल त्या दिवशी फळा नाही, पट्टी नाही, ठिपकाही नाही. दुसऱ्या दिवशी कॅलेंडर बघून पट्टी नव्याने लावायची. वर्ष संपलं की पुस्तक कपाटाच्या तळाशी जाई. धक्क्यावरची माणसं एक वेळ मनगटावरच्या घड्याळावर शंका घेत, पण फळ्यावर कुणी घेतलेली नव्हती.

लोकांच्या बारीकसारीक भानगडीही मास्तरांकडेच येत. कुणाची होडी कुणी सोडली, कुणाचा नांगर कुणाच्या परसात जाऊन बसला, हे ते चार प्रश्न विचारून शोधून देत. त्यांना कुणाची भीड नव्हती आणि घाईही नव्हती. बायको गेल्यापासून तर घरी परतायचीसुद्धा घाई उरली नव्हती.

“मास्तरकाका, बाबांच्या वहीतलं पान कुणीतरी कापलंय.”

“बस आधी. पाणी पी. आता पहिल्यापासून सांग.”

पहिल्यापासूनचं मास्तरांना ठाऊकच होतं, पण सांगणाऱ्याला सांगू द्यावं ही त्यांची पद्धत. मासोळीचे बाबा, म्हणजे अख्ख्या धक्क्याचे दादा, तांडेलाच्या बोटीतून लोकांना समोरच्या निर्जन बेटावर न्यायचे. मास्क आणि नळी लावून पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खालचं प्रवाळ, मासे बघायचे. त्या बेटावर ना घर ना विहीर, नुसती झुडपं आणि पक्षी. बेट आणि खडकांच्या रांगेमधल्या खिंडीत सगळ्यात देखणं प्रवाळ होतं, पण तिथं उतरायचं ते ओहोटी संपून भरती सुरू होण्याआधी पाणी वीसेक मिनिटं थांबतं तेवढ्यातच. दादांचा नियम असा, की आधी आपण एकट्याने उतरून पाणी बघायचं, मग लोकांना उतरवायचं. तीन वर्षांपूर्वी ते असेच उतरले आणि वर आले नाहीत. बोटीतले सगळे पाहुणे सुखरूप परतले. चौकशीत निघालं की पाणी नऊ वाजून दहा मिनिटांनी थांबणार होतं आणि दादा बरोबर दहाला उतरले. पन्नास मिनिटं उशीर. निष्काळजीपणा, असा शेरा पडला आणि कागद बंद झाला.

“रविवारची ट्रिप माझी पहिली,” मासोळी म्हणाली. एकोणीस वर्षांची पोर, पण बोलताना एक शब्द वाया घालवत नव्हती. “बारा माणसं आहेत. मास्क तपासले, शिट्ट्या मोजल्या, पाण्याचे कॅन, औषधाची पेटी, सगळं लिहून ठेवलंय. नांगर कुठं टाकायचा आणि कधी उतरायचं तेवढं बाबांच्या वहीतून घ्यायचं होतं. काल आईने बाबांच्या पत्र्याच्या पेटीची किल्ली दिली. संध्याकाळी वही काढून काउंटरवर ठेवली, आज सकाळी उघडली. बाबा नवी वही घेतली की सगळ्या पानांवर आधीच नंबर टाकायचे. हे बघा, साठनंतर एकदम त्रेसष्ट.”

“मधल्या पानावर काय होतं?”

“या वहीत बेटाच्या पाच फेऱ्यांची पाच पानं असणार. चार आहेत. त्या शेवटच्या दिवसाचंच गेलंय.” तिने वही टेबलावर ठेवली. “बाबांनी वेळ का चुकवली, हे मला कळायलाच हवं. ते नाही कळलं, तर मी बारा माणसांना कुठल्या तोंडाने सांगू की उतरा म्हणून? मग मी ट्रिप रद्द करणार. आणि परत कधी ठरवणारही नाही.”

“काल संध्याकाळी दुकानात कोण कोण होतं?”

ती खाली बघत म्हणाली, “घरचेच. आई, काका आणि तांडेल.”

२

दुकान धक्क्याच्या टोकाला होतं. भिंतीवर ओळीने मास्क, त्याखाली नळ्या, कोपऱ्यात पायांत घालायचे रबरी पंख मापाप्रमाणे रचलेले. काउंटरवर मासोळीने रविवारचा आराखडा काढलेला पुठ्ठा टेकवून ठेवला होता: निघायची वेळ, नांगराची जागा, कोण कुणाच्या जोडीने पोहणार, शिटी कितीदा वाजली की परत फिरायचं. ‘पाण्यात उतरणे’ या शब्दांपुढची जागा कोरी होती.

दादांचा धाकटा भाऊ टेलिफोनपाशी बसला होता. ट्रिपची नोंदणी तो बघायचा, आणि नोंदणी घेतानाही लोकांना बेटाऐवजी जवळच्या किनाऱ्यावर पाठवायची खटपट करायचा.

“माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या, मास्तर. मला ही ट्रिप नकोच आहे, मी काही लपवत नाही. भाऊ गेला तेवढा पुरे झाला. पण मला अडवायचंच असतं तर मी एक पान कापून काय केलं असतं? अख्खी वही समुद्रात भिरकावली असती.”

“तेही खरंच,” मास्तर म्हणाले.

“आणि अडलंय कुठं? नांगराच्या खुणा उरलेल्या चारही पानांवर आहेत. ही पोर पान नाही म्हणून नाही, बाप आठवतो म्हणून थांबलीय.” तो उगाचच टेलिफोनचा रिसीव्हर पुसायला लागला.

मास्तरांना ते बोलणं पटलं. खुणा चोरायच्या असत्या तर पाचही पानं गेली असती. त्या एका पानावर बाकीच्या चार पानांवर नव्हतं असं काय होतं? फक्त त्या दिवसाची तारीख, आणि त्या तारखेखाली लिहिलेलं.

आतल्या खोलीत वहिनी, म्हणजे दादांची बायको, मास्कचा तुटलेला पट्टा चिकटवत होत्या. रबर सोल्युशनचा तो घशात बसणारा वास खोलीभर झाला होता. त्यांनी मान वर केली नाही.

“वहिनी, पान कापलेलं कळलं ना तुम्हाला?”

“कळलं. पोरीने सकाळी घर डोक्यावर घेतलं.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“काय वाटायचं, मास्तर? तीन वर्षं जुनी वही. पान असलं काय, नसलं काय.” त्यांनी पट्टा दोन बोटांत दाबून धरला. “तुम्ही जेवता ना हो वेळेवर? गळ्याची हाडं दिसतायत. आज दुपारी इकडेच या.”

मास्तर बाहेर पडले आणि चार पावलांवर थबकले. वहिनींनी जेवणाचं विचारलं होतं, तब्येतीचं विचारलं होतं. कुणी कापलं असेल, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

३

तांडेल बोटीत बसून नांगराच्या दोराला गाठी घालत होता. दादांचा लहानपणापासूनचा दोस्त. बोलायला आधीच महाग, आणि त्या दिवसाबद्दल तर त्याच्या तोंडाला तीन वर्षं कुलूप होतं.

“पान तू कापलंस?”

“नाही.”

“पेटी वहिनींकडे कुणी दिली?”

“मीच. तिसऱ्या दिवशी. ती बोटीतच राहिली होती. उघडली नाही मी, तशीच दिली.”

“म्हणजे वही चौकशीत कुणी बघितलीच नाही?”

“कुणी मागितलीच नाही.” तांडेलाने गाठ सोडली आणि तीच पुन्हा घातली. “मास्तर, हे सगळं कशाला उकरताय?”

“पोरगी ट्रिप रद्द करायला निघालीय. बाप निष्काळजी होता असं मनात धरून बसलीय.”

ते ऐकून तांडेलाचा चेहरा एकदम बदलला. “तो निष्काळजी? माझ्या सख्ख्या भावाने म्हटलं असतं तरी मी थोबाडीत मारली असती. बोट उभी केली आणि अर्धा तास घड्याळ बघत बसला होता तो. पाहुणे कुरकुर करत होते, चला ना, चला ना. हा म्हणे, अजून वेळ झाली नाही. उतरला तेव्हा मी म्हटलं, ओढ दिसतेय रे. त्या खिंडीत पाणी खडकांना फेर धरून फिरतं, चढतंय की उतरतंय ते वरून कळत नाही. हा हसून म्हणाला, शेवटची ओढ आहे, दोन मिनिटांत थांबेल.”

“मग तू चौकशीत हे का नाही सांगितलंस?”

तांडेलाने दोर खाली ठेवला. बराच वेळ तो मास्तरांच्या हाताकडे, बोटांवरच्या खडूच्या पांढऱ्या धुळीकडे बघत राहिला.

“दुसरं कुणीही विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही नका विचारू मला.”

४

मास्तरांनी कचेरीत परतून वही खिडकीतल्या उजेडात धरली.

दादांची मांडणी सगळीकडे एकच होती. वर तारीख, खाली नांगराच्या खुणा, आणि त्याखाली शेजारी शेजारी दोन रकाने. एकाचं नाव ‘फळा’, दुसऱ्याचं ‘पाणी’. सकाळी धक्क्यावरून निघताना फळ्यावरची वेळ ते पेनने जशीच्या तशी उतरवत. पाणी प्रत्यक्षात कधी थांबलं, ते तिथं पोचल्यावर पेन्सिलीने लिहीत. मास्तरांनी पानं उलटली. आठ मिनिटांचा फरक, पाच मिनिटांचा, कुठं काहीच नाही. आपल्या एवढ्या वर्षांच्या कामाची कुणी अशी मूकपणे नोंद ठेवत होतं, हे बघून त्यांना गलबलून आलं.

मग त्यांनी कापलेली जागा बघितली. ब्लेड पट्टीला लावून फिरवलेलं, शिवणीलगत जेमतेम दोऱ्याएवढी कड शिल्लक. शिवलेल्या वहीतलं पान कापलं की त्याच्या जोडीचं पानही सुटू लागतं. हेही सुटलं असणार, कारण कुणीतरी ते चिकटवून ठेवलं होतं. मास्तरांनी नखाने खरवडलं. तपकिरी पापुद्रे कडक होऊन गळून पडले. नाकाला लावले, तर वास म्हणून नाही.

रबर सोल्युशनच होतं ते. पण आज सकाळी वहिनींच्या खोलीत त्याच वासाने डोळ्यांना पाणी आलं होतं. हे असं तपकिरी, ठिसूळ व्हायला एक रात्र पुरत नाही, वर्षं लागतात.

म्हणजे पान काल कापलेलंच नव्हतं. ते तीन वर्षांपूर्वीच कापलं गेलं होतं, आणि तेव्हापासून वही पेटीत होती आणि पेटीची किल्ली वहिनींकडे.

कोण ते कळलं. का, हेही मास्तरांना लगेच कळल्यासारखं वाटलं. त्या पानावर दादांच्याच अक्षरात ‘फळा ९.१०’ असणार. वेळ माहीत असून नवरा पन्नास मिनिटांनी उतरला, याचा लेखी पुरावा कुठली बायको जपून ठेवेल? बिचारीने लपवला. पोरीला सांगावं की पान भिजून फाटलं होतं, आणि विषय मिटवावा. त्यांनी वही बंद केली.

पण हात तिच्यावरून उचलेना. अर्धा तास घड्याळ बघत बसलेला माणूस. ‘अजून वेळ झाली नाही’ म्हणणारा. ‘शेवटची ओढ आहे, दोन मिनिटांत थांबेल’ म्हणणारा. हे उशीर झालेल्या माणसाचं वागणं नव्हे. दादा वेळेवरच उतरले होते. त्यांच्या हिशेबी पाणी दहालाच थांबणार होतं. आणि दादा स्वतःचा हिशेब कधी मांडत नसत, फळ्यावरचं उतरवून घेत.

मग त्या दिवशी फळ्यावर काय होतं?

‘तुम्ही नका विचारू मला.’ मास्तरांनी आपल्या खडू लागलेल्या बोटांकडे बघितलं आणि ते उठून कपाटाकडे गेले.

५

तीन वर्षांपूर्वीचं पुस्तक कपाटाच्या तळाशी होतं. ते काढायला मास्तरांना खाली बसावं लागलं, आणि मग ते तिथंच, फरशीवरच बसून राहिले.

तो महिना त्यांनी कधी आठवायचा नाही असं ठरवलं होतं. त्याच महिन्यात बायको गेली. नवव्या दिवशी ते कामावर परतले, कारण घरात तिची चप्पल दाराशी तशीच होती आणि ती उचलायचा धीर होत नव्हता. कामावर येऊन काय केलं, फळा कसा लिहिला, यातलं त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

दादा गेले त्या तारखेची ओळ सापडली. थांबतं पाणी, ९.१०. कडेला ठिपका होता. मास्तरांनी सुटकेचा श्वास घेतला.

आणि मग त्यांची नजर एक ओळ खाली गेली. थांबतं पाणी, १०.००. तिथंही ठिपका होता.

दुसऱ्या दिवशी दादांसाठी अख्खं बंदर बंद होतं. एकही होडी हलली नव्हती, फळा लिहिला नव्हता. बंद दिवसाच्या ओळीला एकतीस वर्षांत ठिपका पडलेला नव्हता. हा एवढा एकच.

म्हणजे त्या सकाळी त्यांनी पट्टी सरकवली, ठिपका दिला. मग तसेच खुर्चीत बसून राहिले असतील, चपलेचा विचार करत. भानावर आल्यावर हात नेहमीच्या सवयीने पुन्हा पुढे झाला. पट्टी आणखी एक ओळ खाली, आणखी एक ठिपका. आणि बाहेर जाऊन त्यांनी फळ्यावर उद्याचं पाणी लिहिलं. संध्याकाळी फळा पुसला गेला. बंदनंतरच्या दिवशी कॅलेंडर बघून पट्टी लावली आणि चूक कुणालाही न कळता मिटून गेली.

कुणालाही नाही कसं? दोघांना कळली होती.

मास्तरांनी पुस्तक बंद करून काखेत घेतलं. कपाटाला कुलूप लावावं हे त्यांना सुचलं नाही.

६

दुपारी दुकानात घरचे तिघं होते. वहिनींनी ताट वाढायला घेतलं होतं. त्यांनी मास्तरांच्या काखेतलं पुस्तक बघितलं आणि हातातला डाव तसाच राहिला.

“मासोळी, तू आत जा,” त्या म्हणाल्या.

“नको. तिनेच विचारलंय,” मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले. “पोरी, तुझ्या बाबांनी वेळ चुकवली नाही. वेळ मी चुकवली. फळ्यावर मी दहा लिहिलं होतं. नऊ दहा लिहायला हवं होतं.”

त्यांनी पुस्तक उघडून दोन ठिपके दाखवले आणि सगळं सांगितलं. पट्टी, सवय, बंद बंदर. एकदाही अडखळले नाहीत. धाकटा मटकन स्टुलावर बसला. दारात तांडेल येऊन उभा होता, त्याने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

मासोळी आईकडे वळली. “तुला माहीत होतं?”

“चौकशीत नऊ दहा म्हणाले, आणि वहीत दहा होतं,” वहिनी म्हणाल्या. “ते फळ्यावरचं कधी चुकीचं उतरवायचे नाहीत. त्या रात्री मी पान कापलं आणि तांडेलाला शपथ घातली.”

“का पण? तीन वर्षं सगळे बाबांना निष्काळजी म्हणत होते! मी म्हणत होते!”

“तुला हे मास्तर दिसतात ते आताचे. तेव्हाचे मी बघितलेत.” वहिनींचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “अन्नाला शिवत नव्हते. बायकोचं नाव घेऊन धक्क्याच्या कडेला तासन् तास बसायचे. हे कळलं असतं तर ते त्याच पाण्यात गेले असते. एक माणूस घालवून मला दुसरं घालवायचं नव्हतं. गेलेल्याला बोल लागला तर तो सोसेल, असं वाटलं मला. तुझा विचार मी केला नाही, हे चुकलं माझं.”

मग मासोळी मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते, आणि तेच मास्तरांना सोसवेना. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पान जाळलंस?” तिने आईलाच विचारलं.

वहिनींनी मास्कच्या सुट्या काचा ठेवायचा खण ओढला, तळाचा कागद उचलला आणि पान काढून दिलं. वर तारीख होती, खाली नांगराच्या खुणा. ‘फळा’ या शब्दाखाली निळ्या पेनाने १०.०० लिहिलेलं, आणि ‘पाणी’ या शब्दाखाली कोरं.

मासोळीने ते पान मास्तरांपुढे काउंटरवर ठेवलं आणि शेजारी पेन्सिल ठेवली.

मास्तर समजले. त्यांनी ‘पाणी’ खाली ९.१० लिहिलं. पेन्सिल एकदा हातून घरंगळली, ती त्यांनी उचलली. मग निळ्या १०.०० खाली लिहिलं, ‘फळा चुकला. दादा वेळेवर होते.’ आणि खाली आपली पूर्ण सही केली, आजच्या तारखेसकट.

“हे घेऊन मी आत्ताच बंदराच्या साहेबांकडे जातो,” ते म्हणाले. “तो शेरा पुसून घेतल्याशिवाय मी खडू हातात धरणार नाही. नंतरही साहेब तो माझ्या हातात देतील असं नाही.”

“मी येते तुमच्याबरोबर,” मासोळी म्हणाली. “पान मी धरते. तुमच्या हातून पडेल.”

दारापर्यंत जाऊन ती परत फिरली. पुठ्ठ्यावरचा आराखडा तिने काउंटरवर आडवा ठेवला आणि तांडेलाला कचेरीतून यंदाचं भरतीचं पुस्तक आणायला धाडलं. ते आलं तेव्हा त्यातली स्टीलची पट्टी तिने स्वतः रविवारच्या ओळीखाली लावली, तारखेवर बोट ठेवून ती मोठ्याने वाचली, मग पुस्तक मास्तरांकडे सरकवलं.

“आता तुम्ही वाचा.”

मास्तरांनी चष्मा पुसला. वाचायला त्यांना फार वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. त्यांनी तारीख वाचली, वेळ वाचली. दोघांची एकच आली. तेव्हा मासोळीने पुठ्ठ्यावर ‘पाण्यात उतरणे’ या शब्दांपुढच्या कोऱ्या जागेत ती वेळ लिहिली.